खाऱ्या हवेतले कागद आणि त्यांना बांधणारी अवजारे

कागद एकत्र ठेवण्याच्या अवजारांचा इतिहास सहसा पेटंटांच्या क्रमाने सांगितला जातो: आधी टाचणी, मग क्लिप, मग स्टेपलर, आणि प्रत्येक पुढची वस्तू मागच्या वस्तूपेक्षा सरस. कोकणात मात्र या प्रत्येक शोधाची परीक्षा पावसाळ्याने आणि समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने घेतली, आणि त्या परीक्षेचा निकाल पेटंटांच्या क्रमाशी अजिबात जुळत नाही. राजापूरकडच्या आमच्या घरात जमिनीच्या कागदांची एक लाकडी पेटी आहे. वकिलाकडे कारकुनी केलेल्या आजोबांनी तीत वाटपपत्रे, फेरफाराचे उतारे, १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यानंतरचे अर्ज आणि भाऊबंदकीच्या दाव्यांच्या नकला जपून ठेवल्या होत्या. यंदा ते सगळे कागद लावायला घेतले, तेव्हा मजकुराइतकेच त्यांना बांधून ठेवणाऱ्या वस्तूंकडे माझे लक्ष लागून राहिले.

धातूची टाचणी कचेऱ्यांत सर्रास होण्याआधी आपल्याकडचे दप्तर कापडावर आणि खळीवर चालत असे. मराठेशाहीतले लांबलचक कागद एकाला एक चिकटवून वाढवलेले असत, आणि मधला तुकडा कोणी बदलू नये म्हणून त्या जोडांवर शिक्का उमटवण्याची रीत होती. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद आजही रुमालांत बांधलेले असून त्या रुमालांची संख्या हजारांत मोजावी लागते. इंग्रजी अंमलात रुमालाच्या जोडीला लाल फीत आली. तिला पुढे कितीही नावे ठेवली गेली असली, तरी कागदाच्या दृष्टीने ती निरुपद्रवी होती, हे मान्य केलेच पाहिजे.

टाचणी ही वरवर पाहता क्षुल्लक वस्तू असली, तरी तिच्यामागचे श्रम थक्क करणारे होते. तार ओढणे, सरळ करणे, तोडणे, टोक घासणे, डोके वेगळे बनवून बसवणे अशी सुमारे अठरा कामे वाटून घेतल्यावर दहा माणसे दिवसाला ४८,००० टाचण्या कशा करतात, हे ॲडम स्मिथने १७७६ मध्ये लिहून ठेवले आहे. त्या काळच्या टाचणीचे डोके म्हणजे बारीक तारेचे वेटोळे असे; एकाच तारेचे टोक दाबून डोके घडवणारी यंत्रे एकोणिसाव्या शतकात रुळली. आमच्या पेटीतल्या टाचण्या या नंतरच्या, यंत्रावरच्या आणि लोखंडी आहेत, निदान एकेकाळी होत्या. त्यांतल्या बहुतेकींच्या जागी आता टाचणीच्या मापाची तपकिरी रेघ उरली आहे, आणि त्या रेघेवर कागद बिस्किटासारखा तुटतो. गंजाचा परिणाम केवळ डागापुरता नसतो. ओलाव्याबरोबर कागदात उतरलेले लोहाचे कण त्याच्या तंतूंचे ऑक्सिडीकरण वेगाने घडवून आणतात, त्यामुळे टाचणी काढून टाकल्यावरही ती जागा कमजोरच राहते.

क्लिपची गोष्ट थोडक्यात सांगता येते. नॉर्वेच्या योहान व्हालरला तिचा जनक मानण्याची पद्धत असली, तरी त्याच्या १९०१ च्या पेटंटातल्या क्लिपला आतला वेढाच नव्हता. आपण वापरतो ती ब्रिटनमधली जेम क्लिप त्याआधीच बाजारात होती, तिचे पेटंट कोणी घेतलेच नाही, आणि १८९९ मध्ये विल्यम मिडलब्रुकने पेटंट घेतले ते ती बनवणाऱ्या यंत्राचे. नॉर्वेने १९९९ मध्ये व्हालरच्या गौरवार्थ काढलेल्या टपाल तिकिटावरही क्लिप जेमचीच छापली. गावच्या माणसाचा अभिमान कोकण्यांना शिकवायला नको, पण चित्र तरी त्याच्या क्लिपचे हवे होते.

मला खरा आदर वाटतो तो जॉर्ज मॅक्गिलबद्दल. त्याने १८६६ मध्ये दोन पायांच्या पितळी पट्टीचे पेटंट घेतले, जिचे पाय कागदांच्या भोकांतून घालून मागे दोन बाजूंना वाकवायचे. पितळेवर दमट हवेत हिरवा कळंक चढतो खरा, पण लोखंडासारखी ते कागदाची चाळण करत नाही. पुढे १८७९ मध्ये त्याने एका दाबात तार घुसवून वाकवणारे यंत्र आणले, ज्याचे वजन अडीच पौंडांहून जास्त होते आणि ज्यात प्रत्येक वेळी एकच पिन भरावी लागे. त्यानंतर अमेरिकेतल्या हॉचकिस कंपनीने पिनांची सलग पट्टी आणली; मात्र तिच्यातल्या पिना धातूनेच एकमेकींना जोडलेल्या असल्याने प्रत्येक पिन सुटण्यासाठी यंत्रावर जोराचा ठोका घालावा लागे. गोंदाने चिकटवलेल्या, हलक्या दाबाने सुटणाऱ्या पिना आल्या आणि स्टेपलर प्रत्येक टेबलावर पोहोचला. आपल्या दुकानांत मिळणाऱ्या २४/६ च्या पिनांमधला पहिला आकडा तारेच्या जाडीचा आणि दुसरा पायाच्या मिलिमीटरमधल्या लांबीचा असतो. गंजाबद्दल त्या आकड्यांत काहीच सांगितलेले नसते.

या साऱ्या मालिकेत आपल्या हवेला सर्वांत योग्य ठरले असते असे एक अवजार विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत निघाले होते, आणि त्यात धातूची पिनच नव्हती. मूठ दाबली की एक पाते कागदांच्या थरातून जिभेसारखी पट्टी तीन बाजूंनी कापते, दुसरे पाते तिच्यामागे चीर पाडते. या दुसऱ्या पात्याला सुईसारखे नेढे असते. जीभ वळून त्या नेढ्यात शिरते आणि मूठ सोडताना पाते वर येता येता तिला चिरेतून ओढून घेते, म्हणजे कागद कागदालाच बांधला जातो. मोजकीच पाने पेलत असल्यामुळे, आणि प्रत्येक वेळी कागदाला कायमचे भोक पडत असल्यामुळे, ते स्टेपलरपुढे मागे पडले. जपानी कंपन्या असे बिनपिनाचे स्टेपलर आजही बनवतात.

आमच्या पेटीत सर्वांत सुस्थितीत निघाले ते टोच्याने भोक पाडून सुती दोरा ओवलेले दाव्याचे कागद. दोऱ्याचा रंग उडाला आहे, टोकाच्या पत्र्याच्या टोप्या गंजल्या आहेत, पण त्या टोप्या पानांच्या बाहेर लोंबत असल्याने आत डाग गेलेला नाही. ज्यांच्या घरी अशा पेट्या असतील त्यांनी गंजलेली पिन पुढून ओढू नये. कागद पालथा घालून, पिनेचे पाय आणि कागद यांच्यामध्ये जाड प्लास्टिकचा तुकडा सरकवावा, पाय बोथट सुरीने हळूहळू सरळ करावेत आणि मगच पिन पुढच्या बाजूने उचलावी. हे काम पावसाळा सरल्यावर, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करावे, कारण श्रावणात मऊ पडलेला कागद पिनेआधीच फाटतो. त्याच जुन्या भोकांतून पांढरा सुती दोरा ओवला, तर नवे भोक पाडण्याचीही गरज राहत नाही.