बांबूच्या धनुष्यावर ५० मीटरचे गुण कुठे जातात

हाताने घडवलेल्या धनुष्यावर ५० मीटरला जे गुण जातात, ते बहुतेक वर-खाली जातात. डावं-उजवं गेलं तर दोष बाणात शोधायचा, वर-खाली गेलं तर वेगात. धनुष्य दिसायला कसं आहे, पाउंडेज (पूर्ण ओढायला लागणारं बळ, पाउंडांत) किती आहे, यावर लोक तासन् तास बोलतात. प्रत्येक बाण त्याच वेगाने सुटतो का, हे मात्र फार थोडे जण तपासतात.

साधा हिशोब करा. ३५ पाउंडाच्या बांबूच्या धनुष्यातून जरा जड बाण साधारण सेकंदाला ४३ मीटर वेगाने सुटतो असं धरा. ५० मीटर जाईपर्यंत तो सुटतानाच्या सरळ रेषेपासून साडेसहा मीटरपेक्षा जास्त खाली आलेला असतो. वेग ४२ झाला, तर तोच बाण आणखी ३० सेंटिमीटर खाली लागतो. हवेचा रोध यात धरलेलाच नाही. १२२ सेंटिमीटरच्या टार्गेटवर एक रिंग ६.१ सेंटिमीटरची असते, म्हणजे नऊला लागणारा बाण चाराला लागला. सेकंदाला एक मीटरचा हा फरक पडायला काय लागतं? दोरी अर्धा इंच कमी ओढली, बस्स. ३० मीटरला तीच चूक अकरा-बारा सेंटिमीटरवर भागते. म्हणूनच ३० ला सोनेरी गोलात मारणारे ५० ला गांगरतात.

आता बांबू. नाशकात बांबू कुठेही मिळतो, पण टोमॅटोच्या मांडवासाठी आणलेला बांबू धनुष्याला घेऊ नका. तो कधी तोडला, किती वर्षांचा होता, कोणालाच माहीत नसतं, आणि उन्हात पडून तो आतून तडकलेला असतो. पेठ, सुरगाणा, हरसूल पट्ट्यात ओळखीचं कोणी असेल तर उभी माणवेल (बांबूची एक जात) पाहून घ्यावी. किमान तीन वर्षांची, बुंध्याकडे जवळजवळ भरीव. तोड थंडीतली हवी. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूला भुंगा लागतो. बारीक पिवळी पूड गळायला लागली की तो तुकडा चुलीत घालायचा. तोडल्यावर सावलीत, जमिनीपासून वर, आडवा ठेवून निदान तीन-चार महिने वाळवा.

२८ इंच ओढ (मुठीपासून मागे ओढलेल्या दोरीपर्यंतचं अंतर) असेल तर धनुष्य १७० ते १७५ सेंटिमीटर लांब ठेवावं. आखूड धनुष्य पटकन सुटतं, पण शेवटच्या दोन इंचांत ओढ एकदम जड होते आणि तिथेच माणूस ओढ चोरतो. पट्टी मुठीपाशी साडेतीन सेंटिमीटर रुंद, टोकांकडे दीडवर आणा. जाडी मापून ठरत नाही, वाकवून ठरते. बुंध्याकडची बाजू खाली.

एक नियम मोडायचाच नाही: सालीच्या बाजूला हत्यार लावायचं नाही. बांबूचे चिवट तंतू सालीलगतच्या भागात दाट असतात आणि ताण तोच भाग घेतो. साल टार्गेटकडे राहते आणि तासायचं ते सगळं आतल्या पोटाकडून. गाठी सालीकडून कानसून सपाट करायचा मोह होतो. तसं केलं की धनुष्य बरोबर त्या गाठीवर मोडतं. आतले पडदे मात्र काढा, आणि पोटाकडे प्रत्येक गाठीशी किंचित जास्त जाडी राहू द्या.

वाकवण्याचं काम घाईचं नाही. रंध्याने जाड काम झालं की पुढे कानस आणि शेवटी फुटक्या काचेची धार. थोडं खरवडा, मग अर्ध्या ओढीवर तीसेक वेळा ओढून सोडा (हळू सोडा, दोरी मोकळी सोडायची नाही), मग बघा. खरवडल्याचा परिणाम लगेच दिसत नाही. न ओढता पुन्हा खरवडलं की धनुष्य हलकं होऊन बसतं. सामान तोलायचा हुकाचा काटा दोरीला लावा. ३५ पाउंड म्हणजे १६ किलो. त्याच्या पुढे कोणत्याही टप्प्यावर ओढायचं नाही, ओढ अजून २० इंचच झाली असली तरी. जिथे वाकत नाही तिथे खरवडायचं, जिथे जास्त वाकतं तिथे हात लावायचा नाही. दोरी चढवल्यावर वरच्या पातीचं (मुठीच्या वरच्या अर्ध्या भागाचं) दोरीपासूनचं अंतर खालच्यापेक्षा ३ ते ६ मिलिमीटर जास्त असावं. मुठीपासून दोरी १५-१६ सेंटिमीटरवर.

पाउंडेजचा हट्ट सोडा. इंडियन राउंडमध्ये (आपल्याकडच्या साध्या धनुष्यांच्या स्पर्धाप्रकारात) मोठ्यांना ५० आणि ३० मीटरवर प्रत्येकी ३६ बाण मारायचे असतात, वर सरावाचे वेगळे. ४५ पाउंडाचं धनुष्य पहिल्या १२ बाणांत देखणं दिसतं. नंतर खांदा थकतो, ओढ आखडते, आणि वरचा सगळा हिशोब लागू होतो. ३० ते ३५ पुष्कळ झाले.

दोरी डॅक्रॉनची (थोड्या ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची). न ताणणारी आधुनिक दोरी वेग देते, पण धक्का थेट टोकांवर येतो आणि बांबूच्या खाचा चिरतात. भिल्लांच्या कामठ्याला बांबूच्याच पट्टीची दोरी असते. ती सुंदर असते, पण टार्गेटसाठी तिच्यावर बाण बसवायची जागा एकसारखी ठेवणं अवघड.

बाणांवर धनुष्याइतकाच वेळ घालवा. मी तर म्हणेन जास्त. धनुष्याच्या मुठीवर बाण मधोमध बसेल अशी खाच कापलेली नसल्यामुळे बाणाला वाकून, मुठीला वळसा घालून निघावं लागतं. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण जास्त ताठ असेल तर डावीकडे जातो, लवचीक असेल तर उजवीकडे. बारा बाण बारा प्रकारे ताठ असतील तर तुमचा हात कितीही स्थिर असू दे, टार्गेटवर पखरणच पडणार.

ताठपणा मोजायची सोय घरची आहे. २६ इंचांवर (६६ सेंटिमीटर) दोन खिळे ठोका, त्यावर बाणाची काडी ठेवा आणि बरोबर मध्यभागी ९०७ ग्रॅम वजन टांगा. पाण्याची बाटली वजनकाट्यावर तेवढी भरून घेतली तरी चालते. काडी किती इंच वाकली ते पाहा आणि २६ ला त्या आकड्याने भागा. उत्तर साधारण पाउंडात येतं. पाऊण इंचाच्या जरा आत, म्हणजे १९ मिलिमीटर, वाकली तर ती ३५ पाउंडाच्या धनुष्याची काडी. बांबूची काडी फिरवून तीन बाजूंनी मोजा, कारण ती सगळीकडून सारखी ताठ नसते. सर्वांत ताठ बाजू धनुष्याला लागेल अशी खाच करा. खाचेच्या खाली दोरा गुंडाळून गोंद लावा, नाहीतर दोरीच्या फटक्याने काडी उभी चिरते.

वजनासाठी सराफी कामाचा छोटा डिजिटल काटा घ्या. ३५ पाउंडाला साधारण २३ ग्रॅमचा पूर्ण बाण ठीक, आणि संचातले बाण एकमेकांपासून अर्ध्या-पाऊण ग्रॅमपेक्षा जास्त लांब नकोत. पिसं खरीच, आणि एका बाणावर एकाच पंखाची. डाव्या-उजव्या पंखांची मिसळ केली की फिरकी बिघडते. मुठीवरून बाण सोडताना प्लॅस्टिकचे पंख दबत नाहीत, अडखळून बाणाला लाथ मारतात. पिसाचा पुढचा कोंब बोट कापतो, म्हणून तिथेही दोरा.

स्पर्धेचं पत्रक नीट वाचा. साइट (नेम धरायचं साधन) नसलेल्या प्रकारांत धनुष्याच्या आतल्या बाजूला नेम धरायला उपयोगी पडेल अशी खूण चालत नाही. बांबूच्या गाठीलगतचा काळा डागही पंच हेरू शकतात. तेवढ्या भागावर एकरंगी कापड गुंडाळून टाका. बाणांवर आद्याक्षरं हवीत.

नाशिकच्या हिवाळ्यात सकाळचं आणि दुपारचं धनुष्य वेगळं असतं. थंडीत बांबू ताठ, उन्हात नरम, त्यात दोरी सतत चढलेली असली की तो त्या वळणात बसत जातो आणि बाण हळूहळू खाली उतरायला लागतात. म्हणून दोन अंतरांच्या मधे दोरी उतरवा, धनुष्य सावलीत आडवं ठेवा. कारच्या डिकीत किंवा भिंतीला टेकवून कधीच नाही. पुन्हा दोरी चढवल्यावर मुठीपासूनचं अंतर पट्टीने मोजा. आणि ‘बघू दे जरा ओढून’ म्हणणाऱ्या मित्राला नम्रपणे नाही म्हणा. त्याची ओढ ३० इंच निघाली तर धनुष्य त्याच्या हातात मोडेल.

प्रत्येक फेरीआधी बाण कानाजवळ धरून दोन्ही हातांनी हलकेच वाकवा. चिर असेल तर कट् आवाज येतो. तसा बाण लगेच तोडून टाका, कारण चिरलेला बाण सुटताना फुटला तर तुकडा थेट मुठीच्या हातात शिरतो. पेंढ्याच्या टार्गेटमधून बाण काढताना एका हाताने टार्गेट दाबा, दुसऱ्याने बाण अगदी टार्गेटच्या कागदाजवळ धरून सरळ ओढा. हलवलात तर टोकाशी मोडेल. पण काढण्याआधी सगळ्यांचे गुण लिहून होऊ द्यात आणि प्रत्येक भोकावर पेनाने खूण करा. बांबूचा हलका बाण टार्गेटवरून उसळी मारून खाली पडतो तेव्हा बाकीच्या भोकांवर खुणा असतील तरच त्याचं भोक ओळखता येतं आणि त्याचे गुण मिळतात.