वाईच्या एसटीत राहिलेला किल्ल्यांचा जुडगा (माझा अनुभव)

गेल्या महिन्यात माझ्या किल्ल्या हरवल्या होत्या आणि त्या जुडग्याला लावलेल्या टॅगमुळे (हरवलेली वस्तू फोनवरून शोधता यावी म्हणून लावतात ते छोटं यंत्र) त्याच रात्री सापडल्या. पण टॅग लावला आणि आपोआप सापडल्या असं झालं नाही, मधे बरंच काही झालं. बरेच जण असे टॅग घेऊन ठेवतात पण वेळ येईपर्यंत त्यात नक्की काय होतं ते माहीत नसतं, मलाही नव्हतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

जुडग्यात चार किल्ल्या होत्या. घराच्या दोन, स्कूटरची एक, आणि चौथी वाईच्या आमच्या आजोळच्या वाड्याची. ही चौथी किल्ली बोटभर लांब, लोखंडी, जुन्या कुलपाची, आणि हिला डुप्लिकेट नाही. आजी होती तोवर ती तिच्या कमरेला असायची. वाड्यात रंगकाम काढलंय म्हणून मी शनिवारी मुलाला घेऊन गेले होते आणि निघताना मामा म्हणाले की पुढच्या आठवड्यात पण तूच येणारेस तर किल्ली तुझ्याकडेच ठेव. म्हणजे घराची किल्ली हरवली असती तर कुलूप बदललं असतं, हिचं तसं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी सव्वापाचची वाई-स्वारगेट गाडी. शिरवळच्या पुढे मुलाला मळमळायला लागलं, मी घाईघाईत पर्समधून नॅपकिन आणि प्लास्टिकची पिशवी काढली, कंडक्टरनी पण पुढून येऊन पाणी दिलं, या गडबडीत जुडगा बाहेर पडला असणार. कात्रजला उतरलो, रिक्षा केली, तिसरा मजला चढून दारापाशी आले, पर्स चाचपली आणि पोटात गोळाच आला. दुसरी किल्ली नवऱ्याकडे, आणि तो नागपूरला.

शेजारच्या काकूंनी दार उघडलं, मुलाला आत घेतलं, मला बसवलं. मग मी फोनमध्ये फाइंड हब, म्हणजे हरवलेल्या वस्तू शोधायचं गूगलचं ॲप, उघडलं. माझा टॅग अँड्रॉइडवाला आहे, गूगलच्या नेटवर्कवर चालणारा. नकाशावर कात्रज चौकात टिंब, वीस मिनिटांपूर्वीचं. मी बघत असतानाच ते टिंब स्वारगेटला गेलं. म्हटलं झालं, गाडी स्टँडवर आहे, मिळाली किल्ली! काकूंना म्हटलं याला जरा बघता का, आणि तशीच रिक्षानं निघाले.

स्वारगेटला पोचले पावणेनऊ वाजून गेल्यावर. ॲपमध्ये टिंब स्वारगेटलाच. फलाटावर गाडी नाही. मी दोन चकरा मारल्या, ॲपमधलं टॅग वाजवायचं बटण दाबलं, कनेक्ट होत नाही असंच येत राहिलं. तेव्हा लक्षात आलं की टिंबाखाली बारीक अक्षरात वेळ लिहिलेली असते आणि ती दहा-बारा मिनिटं जुनी होती.

इथे थोडं थांबून सांगते कारण हीच गोष्ट मला आधी कळली असती तर रिक्षाचे पैसे आणि अर्धा तास वाचला असता. या टॅगमध्ये जीपीएस नसतं. सिमकार्ड नसतं. आत एक सीआर २०३२ म्हणजे घड्याळात किंवा वजनकाट्यात असतो तसला नाण्याएवढा सेल असतो आणि एक छोटं ब्लूटूथ. टॅग फक्त "मी इथे आहे, मी इथे आहे" अशी हाक मारत राहतो. आजूबाजूनं जाणारा कुणाचा तरी फोन ती हाक ऐकतो आणि स्वतःचं लोकेशन गुपचूप, कुलूपबंद करून, इंटरनेटवरून कंपनीकडे पाठवून देतो. त्या माणसाला काही कळत नाही, टॅग कुणाचा ते त्याच्या फोनला कळत नाही, आणि लोकेशन उघडता येतं ते फक्त मालकाला. ॲपलचा एअरटॅग २०२१ ला आला तो पण याच पद्धतीनं चालतो, त्याला आजूबाजूचे आयफोन लागतात, आणि गूगलचं नेटवर्क २०२४ मध्ये आलं त्याला अँड्रॉइड फोन लागतात. म्हणजे नकाशावरचं टिंब हे किल्लीची आत्ताची जागा नसते, कुणाच्या तरी फोननं ती शेवटची कुठे ऐकली ती जागा असते. धावत्या गाडीत हा फरक फार मोठा पडतो.

चौकशीच्या खिडकीवर गेले. तिकीट सापडत नव्हतं पण पैसे यूपीआयनं दिले होते, त्यामुळे तारीख-वेळ फोनमध्ये होती, ती दाखवली. तिथले साहेब शांतपणे सगळं ऐकून म्हणाले, ताई, ती वाई डेपोचीच गाडी, आत्ता पावणेनऊला परत वाईला गेली, शेवटची फेरी आहे, रात्री मुक्कामाला तिथेच, साडेअकराला पोचेल. आणि त्यांनी स्वतः वाई स्टँडला फोन लावून सांगून ठेवलं की अशी अशी गाडी आली की बघा. मला खरंच त्या माणसाचे आभार कसे मानावे कळेना.

आता प्रश्न असा की टॅग वाजवायचा तर फोन ब्लूटूथच्या टप्प्यात पाहिजे, म्हणजे दहा-पंधरा पावलांवर. मी पुण्यात आणि गाडी वाईला. तिथे मामेभाऊ आहे पण त्याचा फोन माझा टॅग कसा वाजवणार? स्वारगेटच्या बाकावर बसून ॲपमध्ये इकडे तिकडे शोधलं तेव्हा टॅग दुसऱ्याबरोबर शेअर करायची सोय दिसली. ही सोय मला माहीतच नव्हती! दादाला फोन केला.

"दादा, झोपलायस का?"

"नाही गं, मॅच बघतोय. पोचलीस का?"

"पोचले पण किल्ल्या गाडीत राहिल्यात. आजीची किल्ली पण."

तिकडे दोन सेकंद काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "कुठली गाडी, सांग."

त्याच्या गूगल खात्यावर मी आमंत्रण पाठवलं. ते त्याला स्वीकारता येईपर्यंत पाऊण तास गेला, कारण त्याच्या फोनमध्ये ते ॲपच नव्हतं, ते घेतलं तर दुसऱ्याच ईमेलनं उघडलं, मग तो ईमेल बदलला, मग ब्लूटूथ बंद होतं, लोकेशन बंद होतं. मी फोनवरून एकेक सांगत होते आणि तो न चिडता करत होता, मागून मामा विचारत होते काय झालं काय झालं. शेवटी त्याच्या नकाशावर माझा टॅग दिसला तेव्हा मी काकूंकडे परत पोचले होते.

तोवर टिंब पुढे सरकत होतं, पण कसं, तर उड्या मारत. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर दिसलं. मग बराच वेळ काही नाही. मग एकदम शिरवळ. मग खंबाटकीत पूर्ण गायब, चाळीस मिनिटं काहीच नाही, आणि त्या चाळीस मिनिटांत माझ्या मनात काय काय येऊन गेलं, कुणी उचलली असेल, खिडकीतून टाकली असेल. नंतर वाचलं तेव्हा कळलं की यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. गूगलच्या नेटवर्कमध्ये मूळ सेटिंग असं असतं की वर्दळीच्या जागीच फोन मदत करतात, आणि बऱ्याच फोननी एकच टॅग ऐकला तर त्यांचं मिळून एक लोकेशन दाखवलं जातं, एकट्यादुकट्या फोनचं नाही. कारण साधं आहे, नाहीतर कुणी कुणाच्या पर्समध्ये टॅग टाकून पाळत ठेवेल. एक बाई म्हणून मला हे पटतं, त्या रात्री कितीही त्रास झाला तरी. पण सेटिंगमध्ये जाऊन "सगळ्या ठिकाणी" हा पर्याय निवडता येतो, मग आपला फोन कमी वर्दळीच्या जागी पण दुसऱ्यांच्या वस्तू शोधायला मदत करतो. मी आता तो चालू केलाय आणि घरातल्या सगळ्यांच्या फोनवर पण करून दिलाय, कारण घाटात कुणाची तरी किल्ली एकट्या माझ्याच फोनला ऐकू येईल अशी वेळ येऊ शकते.

अकरा पंचवीसला सुरूर फाटा. दादा आणि मामा दोघं स्टँडवर जाऊन उभे होते. गाडी आली, उरलेली माणसं उतरली, दादानं व्हिडिओ कॉल लावला. त्यानं वाजवायचं बटण दाबलं, टॅग जोडला गेला असं स्क्रीनवर आलं, पण ऐकू काहीच येईना. इंजिन चालू होतं ना. मामांनी ड्रायव्हरना हात जोडून म्हटलं, साहेब, दोन मिनिटं बंद करता का. इंजिन बंद झालं आणि मग अगदी बारीक, भिंतीपलीकडून आल्यासारखं, टीं टीं टीं. मला इकडे फोनवर सुद्धा ऐकू आलं, काकू शेजारी बसल्या होत्या, त्यांनी माझा हात घट्ट धरला.

पण आवाजावरून जागा कळत नव्हती, पत्र्याच्या गाडीत तो सगळीकडून येतो. तेव्हा ॲपमधलं जवळ शोधायचं बटण कामी आलं. त्यात स्क्रीनवर एक आकार असतो, तुम्ही जवळ जाल तसा तो भरत जातो. दादा एकेक सीट हळूहळू पुढे सरकत गेला, चौथ्या सीटपाशी तो पूर्ण भरला. सीटखाली काही नाही. सीटवर काही नाही. बॅटरी मारून बघितलं तर सीटची कड आणि बाजूचा पत्रा यांच्यामधल्या फटीत जुडगा उभा अडकलेला, आजीच्या लांब किल्लीमुळेच तो खाली न पडता तिथेच अडकून बसला होता. डेपोतल्या एका पोरानं तार वाकवून आणली आणि काढला.

कंडक्टरदादा कॅश भरायला निघाले होते ते थांबले आणि म्हणाले, अहो, हा वाजतोय होय? माझ्या मोबाईलवर शिवापूरच्या पुढे काहीतरी आलं होतं, अनोळखी ट्रॅकर तुमच्याबरोबर फिरतोय असं काहीतरी, मला वाटलं जाहिरात आहे, पुसून टाकलं. आणि मग ते म्हणाले, पोराला बरं आहे का आता? त्यांना आम्ही लक्षात होतो.

तर ही सूचना जाहिरात नसते हे सगळ्यांना सांगायला हवं. मालकापासून लांब गेलेला टॅग बराच वेळ तुमच्याबरोबर फिरत असेल तर अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर अशी सूचना येते, २०२४ पासून दोघांनी मिळून ती पद्धत ठरवलीय. त्यात तुम्हालाही तो टॅग वाजवता येतो. कुणी तुमच्यावर पाळत ठेवत असेल तर ते कळावं म्हणून ती आहे, पण कुणाची हरवलेली वस्तू तुमच्या गाडीत असेल तरी तीच येते. दोन्ही बाबतीत उघडून बघावी.

माझ्या सुचवण्या फार नाहीत. शेअर करणं आधीच करून ठेवा, घरातल्या आणि गावातल्या एका माणसाबरोबर तरी, रात्री साडेनऊला ईमेल शोधत बसायची वेळ येऊ नये. टॅग दर दोन-तीन महिन्यांनी वाजवून बघा, सेल वर्षभर चालतो म्हणतात पण खात्री करून घेतलेली बरी. आणि कुठेही हरवलं तर आधी माणसांना विचारा, टिंब नंतर बघा, स्वारगेटच्या त्या साहेबांनी गाडी कुठे मुक्कामाला जाते ते सांगितलं नसतं तर मी टिंबामागे रात्रभर फिरले असते.

आम्ही मायलेक त्या रात्री काकूंकडेच झोपलो. सकाळी दादा स्वतः पहिल्या गाडीनं आला, पाठवून दे म्हटलं तर ऐकेना. मी नकाशावर बघत होते, शिरवळ, शिवापूर, कात्रज, आणि कात्रजला जाऊन उभी राहिले.

दोन दिवसांनी आजीची किल्ली घेऊन मंडईजवळच्या एका जुन्या किल्लीवाल्याकडे गेले. त्यानं उलटसुलट करून बघितली, म्हणाला मशिनवर होणार नाही, कानशीनं घासून करावी लागेल, दोन दिवस ठेवून जा. टॅग सोडवून देऊ का असं त्यानं विचारलं. मी म्हटलं नको, राहू दे त्यालाच.