चित्राविना परीक्षण

त्या अंकावर नाव नव्हतं, पत्ता नव्हता, किंमतही नव्हती. झेरॉक्स काढलेली २४ पानं, मधोमध घडी आणि घडीत पिनांऐवजी लाल दोऱ्याची शिवण. पर्यायी कॉमिक्स आणि झीन्स, म्हणजे हौसेनं स्वतःच काढून वाटलेले छोटे अंक, यांच्या परीक्षणाचं सदर लिहिते, त्यामुळे अशी पाकिटं रोजची. सोबत चिठ्ठी असतेच, कधी कधी अख्खं आत्मचरित्र. यात काहीच नव्हतं. संध्याकाळी मजकूर द्यायचा होता आणि ढिगात बाकी सगळं कालच्यासारखंच, म्हणून हाच उघडला.

गोष्ट एवढीशीच. तोतरं बोलणारी शाळकरी मुलगी. हजेरी, तोंडी परीक्षा, फोन. माणसं, बाकं, खिडक्या स्वच्छ रेषेत काढलेल्या. तिच्या बोलण्याचे फुगे मात्र झिजलेले. दोन-तीन पानांत पद्धत कळली. फक्त फुग्यांची झेरॉक्स, मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स, पुन्हा तिची, आणि शेवटी तो तुकडा कापून चित्रावर चिकटवलेला. दर फेरीत करडा रंग उडतो, बारीक रेघा तुटतात, काचेवरच्या धुळीचे ठिपके जाड होत जातात. शब्द जितका अडतो, तितक्या फेऱ्या जास्त. आईशी बोलताना अक्षरं जवळजवळ शाबूत, वर्गात बाईंसमोर त्यांची चाळण.

सर्वांत वाईट हाल तिच्या स्वतःच्या नावाचे. अडणारा शब्द टाळून दुसरा वापरण्याची युक्ती तोतरं बोलणारे बरेच जण करतात. नावाला पर्याय नसतो. मधल्या जोडपानावर तो एकच फुगा, दोन्ही पानं व्यापून. आत नुसते ठिपके, आणि त्यांतून आरपार गेलेली लाल शिवण.

१९५९ साली झेरॉक्स ९१४ हे यंत्र आलं ते कचेऱ्यांसाठी. पुढे फॅन मंडळींनी, पंक संगीतवाल्यांनी तसल्याच यंत्रांवर आपले अंक काढले. पण प्रत खराब निघाली की सगळे वैतागतात. इथे कुणीतरी तो बिघाड मोजून-मापून वापरला होता.

शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत: ‘हातोहात द्या. नेटवर टाकू नका.’

संपादक बाईंना फोन केला. त्यांचा पहिलाच प्रश्न, "मग चित्र कुठलं लावायचं?"

"नाही लावायचं."

"कॉमिकचं परीक्षण, आणि चित्र नाही? काहीतरीच!"

झीन सांभाळणाऱ्या ग्रंथपालांची एक आचारसंहिता आहे. झीन बऱ्याचदा मोजक्या लोकांसाठीच काढलेलं असतं, म्हणून ते सर्वांपुढे मांडण्याआधी निर्मात्याच्या इच्छेचा विचार करा, असा तिचा रोख. मी ती पुढे केली. "आपण ग्रंथालय नाही," बाई म्हणाल्या. बरोबरच होतं. मग त्यांनी माझंच आवडतं उदाहरण माझ्यावर उलटवलं: १९८२ साली अमेरिकेत माइक गंडरलॉय यांनी सुरू केलेलं झीन-परीक्षणांचं नियतकालिक ‘फॅक्टशीट फाइव्ह’. त्यात परीक्षणासोबत पत्ता आणि किंमत असायची, वाचक थेट निर्मात्याकडून अंक मागवायचा. "आपल्याकडे पत्ता नाही, चित्र नाही. वाचकाच्या हातात काय पडणार?"

माझ्याकडे अर्धंच उत्तर होतं: फुग्यांची ती पद्धत. ती शब्दांत नीट सांगता आली तर अंक न बघताही कळते. शिवाय सुटं पान स्कॅन केलं असतं तर जोडपानाचा जीवच गेला असता. बाई कुरकुरत तयार झाल्या. शाळेच्या खुणा, मुलीचं नाव, सगळं गाळायचं ठरलं.

लिहिताना हाल झाले. चित्र शेजारी असलं की ‘बोलकी रेषा’ म्हणून सुटता येतं. इथे कुठली रेषा कुठे तुटते ते सांगावं लागत होतं. ‘हृदयस्पर्शी’ आलं तेव्हा खोडलं. शेवटच्या चार पानांबद्दलही लिहिलं: तिथे चित्रं थांबतात आणि तोतरेपणा म्हणजे काय यावर सुवाच्य अक्षरांत निबंध सुरू होतो. फुग्यांनी आधीच सांगितलेलं सगळं पुन्हा समजावलेलं. हाताने शिवलंय म्हणून पाठ थोपटायची, ही आमच्या क्षेत्रातली खोड मला आवडत नाही.

रात्री बाईंचा फोन. "ते चार पानांचं ठेवायचंच का गं? एखादी लहान मुलगी असली तर?"

टोनरवर एवढी हुकमत असलेल्या माणसाला टीका सोसते, म्हटलं. परिच्छेद तसाच छापून आला.