फुंकणीवरचं बोट

बाहेर 14 फॅरेनहाइट, म्हणजे उणे 10 सेल्सिअस. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये जानेवारीत असा दिवस उजाडला की आम्हा हीटिंग-कूलिंगवाल्यांचा फोन सकाळपासून थांबत नाही. त्या दिवशीचा तिसरा फोन मराठीतून आला. "फर्नेस चालू होते, पाच मिनिटांत विझते, मग नुसता गार वारा. काल एक जण बघून गेला, नवीनच बसवा म्हणाला. तुम्ही एकदा बघाल का?" काकूंच्या आवाजात थंडीपेक्षा खर्चाची धास्ती जास्त होती.

बेसमेंटमध्ये उतरलो. फर्नेस, म्हणजे गॅसवर हवा तापवून अख्ख्या घरात सोडणारी भट्टी, बारा वर्षांची, फिल्टर नवा. आतल्या बोर्डावरचा दिवा ठरावीक अंतराने लुकलुकत होता. दारावरच्या तक्त्यात त्याचा अर्थ बघितला: लिमिट स्विच उघडला आहे. गॅसच्या ज्वाळा हीट एक्स्चेंजर नावाचं धातूचं कवच आतून तापवतात आणि ब्लोअरची, म्हणजे पंख्याची, हवा त्यावरून जाऊन ती उष्णता घरात नेते. हवा कमी पडली की उष्णता आतच साठते, मग हा स्विच गॅस तोडतो आणि मशीन थंड व्हावं म्हणून ब्लोअर तेवढा फिरत राहतो. काकूंना लागणारा गार वारा हाच. स्विच बिघडलेला नव्हता, तो चोख काम करत होता. हवा अडत होती कुठे, एवढाच प्रश्न उरला.

हवेचा दाब मोजणारा मॅनोमीटर लावला. फर्नेसच्या पाटीवर हवेच्या दाबाची मर्यादा 0.50 इंच पाण्याइतकी होती, मला दिसले 0.94. आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा यांच्या तापमानातला फरक 40 ते 70 अंश फॅरेनहाइट असायला हवा, तो 84 वर गेला आणि बर्नर विझला. हे मोजायला दहा मिनिटं लागतात. ती न देता कुणाला नवी फर्नेस घ्यायला सांगणं मला पटत नाही, तेव्हाही पटलं नाही.

"काका, वरच्या खोल्या बघू का?"

चारपैकी तीन बेडरूमची दारं लावलेली, खालच्या फटीत टॉवेल कोंबलेले. मुलं शिकायला, नोकरीला बाहेर गेली तशी एकेक खोली बंद होत गेली होती. डायनिंगसुद्धा. घरातल्या 15 व्हेंटपैकी, म्हणजे खोलीत हवा सोडणाऱ्या झडपांच्या झरोक्यांपैकी, 8 बंद. शिवाय हवा परत खेचणारी जाळी एकच, जिन्याजवळच्या बोळात. दारं लावल्यावर खोलीतल्या हवेला तिथवर यायला वाटच नव्हती.

काका म्हणाले, "पुण्याला आपण बसतो त्याच खोलीतला एसी लावतो. रिकाम्या खोल्या कशाला तापवायच्या?" त्यांचं चुकत नव्हतं. तिथे प्रत्येक खोलीचं मशीन वेगळं, बंद केलं की तेवढी वीज वाचली. इथे अख्ख्या घराला एकच ब्लोअर, आणि त्याला वर किती झडपा लावल्यात ते कळत नाही.

काकूंच्या माहेरी चूल होती, म्हणून मी फुंकणीचं उदाहरण दिलं. फुंकणीच्या पुढच्या तोंडावर बोट ठेवून फुंकलं तर गाल फुगतात, ओठांच्या कडेने हवा निसटते आणि निखाऱ्याला काहीच पोचत नाही. डक्टच्या, म्हणजे हवा नेणाऱ्या नळांच्या, सांध्यांतून अशीच हवा निसटते, तीही तापवलेली. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले नॅशनल लॅबोरेटरीने 2003 मध्ये हे तपासलं होतं. व्हेंट बंद केल्याने गळती वाढते आणि ऊर्जा उलट जास्त लागते. यांचा ब्लोअर जुन्या पद्धतीचा, दाब वाढला की हवा कमी देणारा. नव्या पद्धतीची मोटर हवा टिकवायला धडपडते, पण त्यात वीज जास्त ओढते.

"उन्हाळ्यात एसीच्या पाइपवर बर्फ धरला होता," काकांना आठवलं. कारण तेच. एसीच्या थंड कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही की तिच्यावर बर्फ धरतो, एसीतला गारवा देणारा गॅस द्रवरूपातच परत येतो आणि कॉम्प्रेसर खराब होऊ शकतो.

झडपा उघडायला आम्ही तिघंही फिरलो. मुलाच्या खोलीतल्या व्हेंटवर पुस्तकांची पेटी होती, ती काकांनी एकट्याने सरकवली. मुलीच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली होती. भिंत गार पडली की दमट हवेचं पाणी तिथेच साचतं. काकू बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या.

खाली येऊन पुन्हा मोजलं. दाब 0.58, फरक 66 अंश. हीट एक्स्चेंजरमध्ये कॅमेरा घातला, कारण वारंवार जास्त तापल्याने त्याला तडा जाऊ शकतो आणि मग कार्बन मोनॉक्साइड घरात येण्याची भीती असते. तडा नव्हता. तो कॅमेरा बाहेर काढेपर्यंत मी काही बोललो नाही. तरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तपासला. बॅटरी संपलेली निघाली, ती बदलली.

0.58 सुद्धा मर्यादेच्या वरच आहे, परतीचा डक्ट अरुंद आहे, वसंतात तो रुंद करून घ्या, हे स्पष्ट सांगितलं. एखादं व्हेंट थोडं बंद केलं तर बिघडत नाही. बचतच करायची तर रात्री थर्मोस्टॅट चार अंश खाली घ्या, म्हणालो. खोल्या खरोखर वेगळ्या चालवायच्या असतील तर त्यासाठी मुद्दाम आखलेली झोनिंगची व्यवस्था लागते.

फर्नेसच्या दाराला आतून चिकटपट्टी लावली आणि तारीख, 0.58, 66 असं लिहून ठेवलं, पुढे जो येईल त्याच्यासाठी. तोवर बर्नर पेटून वीस मिनिटं झाली होती आणि तो अजून चालूच होता.