गोळी बंद करा म्हणे, पण नेमकी कुठली?

बाबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन ऐन वेळी पुढे गेलं. अ‍ॅडमिट करून घेताना सिस्टरने विचारलं, रक्त पातळ करायची गोळी शेवटची कधी घेतली? बाबा अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, काल रात्री. मी बघतच राहिले, कारण ५ दिवस आधी बंद करायची हे मी स्वतःच्या कानाने ऐकलं होतं.

घरी आल्यावर आधी एकमेकांवर खापर फोडून झालं, मग मी ती स्ट्रिप हातात घेतली. सर्जन आणि हार्टच्या डॉक्टरांनी मिळून ठरवलेलं की क्लोपिडोग्रेल बंद आणि अ‍ॅस्पिरिन चालू (दोन्ही रक्त पातळ करणारीच), कारण बाबांना स्टेंट आहे, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत ती उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी. आता गंमत अशी की आमच्याकडे क्लोपिडोग्रेल नावाची गोळीच नाही. एकच कॅप्सूल आहे, वर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचं औषध असे तिघं एकत्र नांदतायत. आईने कागदावर "अ‍ॅस्पिरिन चालू" वाचलं आणि रोजच्यासारखी कॅप्सूल दिली. तिचं काय चुकलं सांगा?

आणि क्लोपिडोग्रेल असं की एक दिवस चुकून घेतलं तर चालेल म्हणायची सोय नाही. ते प्लेटलेटला (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशीला) चिकटलं की ती प्लेटलेट मरेपर्यंत कामातून जाते, म्हणजे ७ ते १० दिवस. रोज थोड्या थोड्या नवीन तयार होतात, त्या पुरेशा होईपर्यंत थांबायचं, म्हणून ते ५ दिवस. मला हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी कॅलेंडरवर लाल गोल केला असता.

दुसरी गोष्ट बाबा नंतर हळूच बोलले. स्टेंट टाकला तेव्हा त्यांना बजावलं होतं, ही गोळी स्वतःहून कधीही बंद करायची नाही, जिवावर बेतेल. इतकी वर्षं ते डोक्यात पक्कं बसलेलं, आणि आता कोणीतरी पाच मिनिटांत सांगतं बंद करा. हातच धजत नाही ना! मला वाटतं विसरण्यापेक्षा ही भीतीच जास्त असते, फक्त कोणी कबूल करत नाही.

शुगरचंही तसंच. बाबांच्या दोन गोळ्या आहेत, त्यातली डापाग्लिफ्लोझिन ३ दिवस आधी थांबवायची कारण उपाशीपोटी तिच्यामुळे रक्तात अ‍ॅसिड वाढू शकतं आणि शुगर मात्र फारशी वाढलेली नसते त्यामुळे पटकन कळतही नाही. मेटफॉर्मिन फक्त ऑपरेशनच्या दिवशी नाही. पण घरात दोघींचं नाव एकच, "शुगरची गोळी". फिश ऑइलच्या कॅप्सूल तर कोणी औषधात धरतच नाही, त्यामुळे विचारलं तरी सांगत नाहीत.

बरं, बंद करायची म्हणून सगळंच बंद करणारेही असतात (माझी मावशी). बीपीची काही औषधं अशी अचानक सोडली तर उलट त्रास होतो.

दुसऱ्या वेळेला मी आठवड्याच्या डबीतून ती कॅप्सूल काढूनच टाकली, डॉक्टरांना विचारून अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची वेगवेगळी आणली, स्ट्रिपवर मार्करने तारखा टाकल्या. तरी ऑपरेशनच्या सकाळी बाबा बीपीची गोळी हातात घेऊन उभे, "पाणीसुद्धा प्यायचं नाही म्हणालेत, मग ही घेऊ कशी?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघतोय. शेवटी वॉर्डला फोन लावला. घोटभर पाण्याबरोबर घ्या म्हणाले.