गाडी नसलेला परदेशस्थ

सुट्टीत कोकणात, मालवणजवळच्या आचऱ्याला आलो की वाडीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अजून गाडी नाय घेतलंस?" परदेशात नोकरी, पगार बरा, आणि हा सायकलवरून ऑफिसला जातो, हे शेजारच्या काकींना काही केल्या पटत नाही. पैसे नक्की जातात कुठं, ही शंका त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते.

मी राहतो नेदरलँड्समधल्या युट्रेख्टला. या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त. सव्वादोन कोटींच्या वर. आमच्या रेल्वे स्टेशनखाली तीन मजली सायकलतळ आहे, साडेबारा हजार सायकली मावणारा. आत सायकल चालवतच शिरायचं. कुठल्या रांगेत जागा आहे ते पाटीवर दिसतं. खाली जागा नसेल तर वरचा रॅक ओढून खाली घ्यायचा, त्यात चाक घालायचं आणि ढकलून वर सारायचं. पहिले 24 तास फुकट. तिथून जिना चढलं की फलाट. पलीकडच्या गावी उतरलात की कार्ड दाखवून रेल्वेचीच भाड्याची सायकल घ्यायची. गर्दीच्या वेळी स्वतःची सायकल ट्रेनमध्ये नेता येत नाही, तिकीटही स्वस्त नाही, आणि नोव्हेंबरातला समोरचा वारा काय असतो ते विचारू नका.

पण हे सगळं तिकडं पहिल्यापासून नव्हतं. 1971 साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले. 1973 मध्ये तेलटंचाई आली, तेव्हा काही रविवार गाड्याच बंद ठेवल्या. युट्रेख्टनं तर शहराचा जुना खंदक बुजवून त्यात मोटाररस्ता केला होता. तो उखडून पुन्हा पाणी खेळवलं, ते काम 2020 मध्ये पुरं झालं.

म्हणून कोकणात सगळ्यांनी सायकल चालवावी असं मी म्हणणार नाही. आमच्या सड्यावरून बाजारात उतरताना मजा येते, परतताना जीव जातो. आषाढात तर नावच नको. तिकडून घेण्यासारखी आहे ती जोडणी. तिथं आडगावच्या बसचीही वेळ ट्रेनची वेळ पाहून ठरवलेली असते. इकडं कोकण रेल्वे 1998 पासून पूर्ण मार्गावर धावतेय, पण रत्नागिरी काय, सावंतवाडी काय, स्टेशन शहराबाहेर. मालवणला तर रेल्वेच नाही. पहाटे उतरलं की रिक्षावाला जाण्यायेण्याचं भाडं सांगतो, आणि त्याचंही चूक नाही, परत रिकामाच जाणार बिचारा.

एसटीत 75 वर्षांवरच्यांना फुकट प्रवास, बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट. सवलती चांगल्याच आहेत, पण त्या वापरायला आधी एसटीची गाडी यायला हवी. दवाखान्यातून दुपारी सुटलेल्या म्हातारीला परतीची गाडी संध्याकाळी असेल, तर मुलगा कर्ज काढून स्कूटर घेतो. शेजारचा घेतो. मग फेरी रिकामी धावते आणि एक दिवस प्रवासी नाहीत म्हणून बंद होते. वस्तीची गाडी गावात मुक्कामाला असायची तेव्हा सकाळी कॉलेजला पोचण्याची काळजी कुणालाच नव्हती.

कणकवलीला पहाटे मुंबईची ट्रेन लागते, तेव्हा बोचकी, फणसाएवढ्या बॅगा आणि पेंगुळलेली पोरं घेऊन कितीतरी आचरा-मालवणवाले उतरतात. त्यांच्यासाठी एक बस अर्धा तास थांबवायला खंदक खणावा लागत नाही.