मॉस्बीचे पिस्तूलवाले

गनिमी कावा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले येतात. अमेरिकेच्या यादवी युद्धात, गुलामी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या जॉन मॉस्बीकडे किल्ला सोडाच, धड छावणीही नव्हती. त्याचे स्वार उत्तर व्हर्जिनियात, लाउडन आणि फॉकियर परगण्यांतल्या शेतकऱ्यांच्या घरी दोघे-तिघे करून राहायचे. निरोप आला की जमायचं, छापा उरकला की पांगायचं. लुटीतले घोडे आपसांत वाटले जात. हजेरीला विनाकारण दांडी मारणाऱ्याची रवानगी नियमित सैन्यात होई, आणि ही शिक्षा सगळ्यांत जास्त झोंबायची.

मॉस्बीने तलवार जवळजवळ निकालातच काढली. कार्बाईनला, म्हणजे स्वाराच्या आखूड बंदुकीला, दोन्ही हात लागतात, मग लगाम कोण धरणार? म्हणून कमरेला .४४ ची कोल्ट रिव्हॉल्व्हरं, बहुधा दोन. एकेकीचं वजन सव्वा किलोच्या आसपास, गोळ्या एकूण १२. त्या संपल्या की पंचाईत. सिलिंडरच्या प्रत्येक घरात आधी दारू, मग शिशाची गोळी, ती नळीखालच्या दांड्याने ठासायची, शेवटी मागच्या बोंडीवर ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी चढवायची. हे सहा वेळा. कागदी काडतुसात दारू-गोळी एकत्र मिळे, पण टोपी वेगळीच राहायची. दौडत्या जनावरावर हे जमणं कठीणच. शिवाय उडालेल्या टोपीचा चुरा घोड्यापाशी (पिस्तुलाच्या, स्वाराच्या नव्हे) फटीत अडकला की सिलिंडर फिरायचंच थांबतं. त्यामुळे लांबून बार काढण्यात अर्थ नव्हता. थेट अंगावर जाऊन, शत्रू सावरायच्या आत १२ गोळ्यांतच निकाल लावायचा.

त्याचा सर्वांत गाजलेला छापा मात्र एकही बार न काढता झाला. ९ मार्च १८६३ च्या पावसाळी रात्री २९ जण उत्तरेच्या पहाऱ्यातल्या मोकळ्या जागेतून फेअरफॅक्स कोर्टहाउसला पोहोचले. वाट दाखवायला उत्तरेच्याच घोडदळातून फुटलेला जेम्स एम्स होता. आधी तारायंत्राच्या तारा तोडल्या, मग उत्तरेच्या जनरल स्टॉटनला अंथरुणातून उठवलं. हाती लागले एक जनरल, दोन कॅप्टन, ३० शिपाई आणि ५८ घोडे. गाजला जनरल, माझ्या मते मोलाचे ते घोडेच.

फेब्रुवारी १८६४ मध्ये दक्षिणेच्या काँग्रेसने अशा पथकांना मान्यता देणारा कायदाच रद्द केला, कारण बरीचशी पथकं निव्वळ लूटमार करत होती. मॉस्बीचं पथक अपवाद म्हणून टिकलं.

उत्तरेला त्याची मेख उशिरा कळली: माणसं सापडत नाहीत, पण त्यांना पोसणारी कोठारं जागची हलत नाहीत. २८ नोव्हेंबर ते २ डिसेंबर १८६४ या पाच दिवसांत उत्तरेच्या जनरल मेरिटच्या घोडदळाने त्या भागातली कोठारं, गिरण्या, गवताच्या गंज्या जाळल्या आणि गुरं हाकून नेली. राहती घरं जाळायची नाहीत, असा हुकूम होता. लाउडनमधल्या क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांचीही धान्यं जळाली. त्यांच्यातले बरेच उत्तरेच्याच बाजूचे होते. मॉस्बी मात्र हाती लागला नाही. २१ एप्रिल १८६५ ला व्हर्जिनियातल्याच सेलम गावी त्याने बटालियन बरखास्त केली. शरणागतीचा सोहळा वगैरे झालाच नाही.